गिन्न्यांचा कमरपट्टा

ताहेराने जाड मांजरपाटाचं टोक दातांत धरलं आणि कात्री चालवली. समोर सतरंजीवर तिचा नवरा इनायत आणि त्याचा दोस्त इब्राहिम यांचा केव्हापासून खल चालला होता. पुढच्या महिन्यात नवरा-बायको हजला निघणार होती. जहाजाची तिकिटं झाली, बांगड्यांचं दुकान पुतण्याकडे सोपवून झालं. वरखर्चाचा पैसा न्यायचा कसा, तिथेच घोडं अडलं होतं.

इब्राहिम हुंडीच्या बाजूचा. मुंबईच्या पेढीवर पैसे भरायचे, जेद्द्याच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचे. इनायतचा जीव मात्र बँकेच्या कागदात अडकला होता, कारण त्यावर सही करावी लागे आणि सही करायला त्याला फार आवडे.

ताहेराला दोन्ही नको होतं. हुंडी इनायतच्या नावाची, सहीही त्याचीच. भद्रकालीच्या बाजारात लिंबू घ्यायचं तरी तिला आधी दुकानात जाऊन नवऱ्यापुढे हात पसरावा लागे. तो नाही कधी म्हणत नसे, पण ‘कशाला?’ मात्र दर वेळी विचारी. त्या ‘कशाला’चा तिला मनापासून वीट आला होता. मक्केच्या वाटेवर एखाद्या गरिबाच्या हातावर काही ठेवावंसं वाटलं, तर तिथेही हेच ऐकायचं?

हे तिने बोलून दाखवलं नाही. व्यापारी गावाला गेला असला तर काय, बँक जुम्म्याला बंद असली तर काय, एवढंच विचारलं. सोन्याची गिन्नी कुणीही घेतं, म्हणाली.

“भाभी बरोबर बोलतात,” इब्राहिमने मान डोलावली.

इनायतनेही हट्ट सोडला. गिन्न्या कमरपट्ट्यात शिवून न्यायच्या ठरल्या. पट्ट्याचं कापड तर ताहेराने केव्हाच कापून ठेवलं होतं.

पट्टा तयार झाला तसा इनायतने सदरा वर करून तो कमरेला लावला. श्वास ओढला, पोट आवळलं, पण बटण काजापर्यंत पोचेना.

“माप चुकलं गं.”

“नाही चुकलं.”

तिने पट्टा घेतला, पदराआड आपल्या कमरेला लावला आणि बटण अडकवलं. तो नेमका बसला. आनंदाने तिचे कान लाल झाले होते.

 इनायतने सदरा खाली ओढत हळूच विचारलं,

“आणि जेद्द्यात मला चहा प्यावासा वाटला तर?”

“दोन कप सांगा,” ताहेरा म्हणाली. “पैसे मी देईन.”