कोरडे हात

ठकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती सभा सुरू व्हायच्या आधीच. मुंबईहून आलेला एक टायवाला भागधारक पेढा चघळत शेजाऱ्याला सांगत होता, "चिप इथे बनवणं हाच आतबट्ट्याचा धंदा. तयार माल परदेशातून आणायचा, आपला शिक्का मारायचा आणि विकायचा. कशाला पोसायच्या या पोरी?"

त्या पोरींमध्ये ठकुबाईची काशी होती. पोसायच्या म्हणे! हा काय पदरचं घालत होता?

शेलार गावातला हा इलेक्ट्रॉनिक चिपचा कारखाना ठकुबाईच्या आणि तिच्या दिराच्या, पंढरीच्या जमिनीवर उभा होता. कंपनीने रोख थोडी दिली, बाकीचे शेअर. पंढरीचा तुकडा मोठा, म्हणून गावात त्याचे शेअर सगळ्यांहून जास्त. आणखी बऱ्याच घरांनी थोडेथोडे घेतले. ठकुबाईला त्या कागदांचं काही अप्रूप नव्हतं. नवऱ्याने टाकलेली काशी इथे कामाला लागली, तोंड लपवून बसणारी लेक मान वर करून शिफ्टला जाऊ लागली, हेच तिचं सगळं व्याज.

काम नाजूक. तांदळाच्या कणीएवढ्या चिपला केसाहून बारीक तार जोडायची. हाताला घाम असला की माल फुकट. म्हणून भरतीच्या दिवशी मॅनेजरने एकेकीचा तळवा टेबलाच्या काचेवर दाबायला लावला होता. ज्यांचा ठसा ओला उमटला त्या रडत घरी गेल्या. काशीचा हात कोरडा निघाला.

आज त्याच टेबलामागे चेअरमनसाहेब बसले होते. आयातीचा परवाना मिळालाय, जोडणीचा विभाग बंद करू, शेडचं गोदाम होईल, नफा वाढेल, असं ते फार गोड बोलले. ठकुबाई पदर खोचून उभी राहिली.

"सायेब, जमीन घेताना तुमी बोललेलाव, पोरींना काम देऊ. गोदाम करायचा व्हता तं तवाच सांगायचा व्हता! मी शेअर घेतलं ते कारखान्याचं. गोदामाचं न्हाय."

गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठराव हात वर करून मताला टाकला, तर विरोधात हातच हात. पंढरीचा हात सगळ्यांत उंच. "वैनी, काशी आपली पोर हाय," असं सकाळीच तो ओट्यावर बसून म्हणाला होता. ठकुबाईचा ऊर भरून आला.

चेअरमन मात्र जरासुद्धा डगमगले नाहीत. "आता कायद्याप्रमाणे शेअरवार मतं घेऊ. ज्याचे जितके शेअर, तितकी त्याची मतं."

चिठ्ठ्या वाटल्या. पंढरीने आपली चिठ्ठी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून भरली. ठकुबाईला वाटलं, चष्मा विसरला असेल. माणसाने किती भाबडं असावं!

थोड्या वेळाने चेअरमन उठले. "ठराव मंजूर. गावच्या मोठ्या भागधारकाने समजूतदारपणा दाखवला, म्हणून हे जमलं. पंढरीशेठ, गोदामाच्या हमालीचं कंत्राट तुम्हालाच, ठरल्याप्रमाणे."

पंढरी खाली बघत राहिला. ठकुबाईने त्याचं मनगट धरलं आणि भरसभेत त्याला टेबलापर्यंत ओढत नेलं.

"वैनी, सोड. लोक बघतान."

"बघू दे!" रागाने तिचा आवाज फाटला होता. तिने त्याचा तळवा काचेवर दाबला, दाबून धरला, आणि उचलला. पाचही बोटं काचेवर ओली उमटली होती.

"बघा सायेब," ती म्हणाली, "माज्या पोरीचा हात कोरडा, तिला तुमी घरी धाडताव. आन् ह्यो हात कामाला ठेवताव."

काशी दारात उभी होती, अंगात शिफ्टचा पांढरा कोट. काकाकडे न बघता तिने कोटाची बटणं सोडायला घेतली. तिचे हात तेव्हाही कोरडेच होते.