कपाटातली फाइल

"वस्ती दत्तक घेतली म्हणून बारा वर्षं मिरवता, पण फुलमतीला तुम्हीच मारलंत, मॅडम!"

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची ऋता एरवी उत्तरेतल्या त्या कॉलेजात हिंदीत बोलायची. आज प्राचार्यांपुढे ती घरच्या मराठीत सुटली, कारण मॅडमही मराठीच. कपाळावर सहा टाके, ओठ फाटलेला.

सकाळी ती नव्या तुकडीची कोरी फाइल घेऊन मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, त्या वस्तीत रक्तदाब मोजायला गेली, तर फुलमतीच्या नवऱ्याने वल्हंच हाणलं. "अब किसका नापने आई हो? आठ दिन हुए उसको घाट पे फूँके!" दुसरा घाव खांद्यावर बसला, तेव्हा बायकांनी त्याला ओढलं.

फुलमती आठ महिन्यांची गरोदर होती. मागच्या तुकडीने तिचा दाब तीनदा मोजला, तीनदा वाढलेला लिहिला, मार्क घेतले. फाइल प्राचार्यांच्या कपाटात गेली, दवाखान्यात कुणी कळवलं नाही. फुलमती त्याच वाढल्या दाबाने झटके येऊन पोटातल्या बाळासकट गेली.

"त्या गुंडावर पोलिसात तक्रार कर, बाळ," मॅडम म्हणाल्या. "कॉलेज तुझ्या पाठीशी आहे."

ऋताने कोपराने कपाटाची काच फोडली, रक्ताळल्या हाताने फुलमतीची फाइल ओढून टेबलावर आपटली.

"एकशे ऐंशी! खाली तुमची सही. सही करताना हा आकडा वाचला होतात की नाही? बोला!"