टाचण्या काढलेले कागद

मी पेटी आहे. कापराच्या लाकडाची, पितळी कोपऱ्यांची आणि सध्या भयंकर संतापलेली. पेटीने संतापू नये असा काही नियम असेल तर तो मला अजून कुणी सांगितलेला नाही. सिंगापूरच्या बिशान भागातल्या एका फ्लॅटमध्ये सोफ्याशेजारी मी असते आणि येणारे-जाणारे माझ्यावर चहाचे कप ठेवतात. खुशाल ठेवा, पण माझं जरा ऐकून घ्या.

माझा जन्म सिंगापूरचाच. एका चिनी सुताराने मला घडवलं. माझ्या वासाला कसर भिते, म्हणून लोक माझ्यात रेशमी कपडे ठेवायचे. महायुद्धानंतर काही वर्षांनी एडमंड रॅडली नावाचा एक तरुण इंग्रज खासदार कसल्याशा वाटाघाटींसाठी इथे आला आणि मला लंडनला घेऊन गेला. बायकोला वाटलं, नवऱ्याने रेशीम आणलं. त्याने माझ्यात कागद भरले.

रॅडली खाणकामगारांच्या गावातून निवडून आलेला, बोलण्यात तरबेज. त्याची एक सवय होती. भाषणाचा पहिला कच्चा मसुदा तो कधी टाकायचा नाही. संसदेत वाचलेल्या भाषणामागे तो मसुदा ठेवून दोन्हींना मिळून एक टाचणी लावायचा. पुढे असायचं तो जे बोलला ते, मागे जे बोलायचं होतं ते. सुरुवातीला दोन्हींत फारसा फरक नसे. साहेब वर चढत गेले तसा फरक वाढत गेला. हे सगळं माझ्याच पोटात साठत होतं आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

पुढे साहेब मंत्री झाले. दूरच्या एका वसाहतीत मळ्यातल्या मजुरांवर गोळीबार झाला. साहेबांनी मसुद्यात लिहिलं, ‘मजुरांच्या हातात काठीसुद्धा नव्हती, हे मला ठाऊक आहे.’ आणि संसदेत वाचलं, ‘पोलिसांनी कमालीचा संयम दाखवला.’ बाकं वाजली. लवकरच बढतीही मिळाली. माणसं मेली त्यांची आणि हार पडले यांच्या गळ्यात. त्या भाषणाच्या रात्री साहेबांनी दोन्ही कागद टाचले तेव्हा माझं झाकण त्यांच्या बोटांवर पडलं. ते आपोआप पडलं असं त्यांना वाटलं.

मग निवडणूक हरले. पत्नी वारली. एका जहाज कंपनीचे सल्लागार म्हणून साहेब सिंगापूरला आले आणि इथेच राहिले. मीही माहेरी आले.

साहेबांची नजर गेली तेव्हा त्यांना वाचून दाखवायला गिरिजा यायला लागली. पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई. नवरा मनोहर मरीन इंजिनियर, त्याच्या नोकरीपायी इथे आली आणि वर्षानुवर्षं घरात बसली. साहेबांचे कागद हातात घेतल्यावर तिचा चेहरा उजळला, तो मी पाहिलाय. ती आधी भाषण वाचायची, मग मसुदा. साहेब भिंतीकडे तोंड करून ऐकायचे.

शेवटच्या आजारात त्यांनी तिला सांगितलं, “नुसतं भाषण वाचून लोक मला मोठा म्हणतील. मसुदा वाचला की खरं काय ते म्हणतील. दोन्ही एकत्रच राहू द्या.” गिरिजाने शब्द दिला. कागद इंग्लंडच्या एका विद्यापीठात जायचे होते आणि त्यांची सूची गिरिजाच्या नावाने छापली जाणार होती. इतक्या वर्षांनी तिचं स्वतःचं असं काहीतरी होणार होतं.

साहेब चौऱ्याण्णव साली गेले आणि मी बिशानला, गिरिजाच्या घरी आले. सूचीला नुकता हात लागला होता, तेवढ्यात गिरिजाची आई आजारी पडली आणि ती पुण्याला धावली. इकडे साहेबांचा पुतण्या नायजेल कागद न्यायला येतोय असा फोन आला. मनोहर रजेवर घरी होता. बायकोला मदत करावी असं त्याच्या मनात आलं. उंटावरचे शहाणे नेहमी मदतच करायला येतात.

जहाजावरचा एक नियम त्याच्या हाडीमाशी खिळलेला. यंत्राचं सुधारित ड्रॉइंग आलं की जुनं फाडून टाकायचं, नाहीतर कुणीतरी जुन्या मापाने नट आवळतो आणि इंजिन बसतं. त्याने एकेक टाचणी काढली. वरचं ‘फायनल’ ठेवलं, मागचं खाडाखोडीचं बाजूला काढलं. शीळ घालत काढलं हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पेटीला ना तळपाय ना मस्तक. खाली करांगगुनीचा, म्हणजे इथल्या रद्दीवाल्याचा, भोंगा वाजला. मसुद्यांचे गठ्ठे लिफ्टने खाली गेले.

गिरिजा परतली. मनोहरने कौतुकाने माझं झाकण उघडून दाखवलं. ती एक कागद उलटायची, मागे काही नाही. दुसरा उलटायची, मागे काही नाही.

“अगं, जुन्या कॉप्याच टाकल्या,” तो म्हणाला. “फायनल सगळ्या आहेत.”

“मनोहर, तो माणूस त्या जुन्या कॉप्यांतच होता रे,” ती म्हणाली आणि माझ्या कडेवर डोकं टेकून रडली.

रद्दीवाल्याला तिने ब्लॉकोब्लॉकी शोधलं. तो सापडला, पण कागदांचा तोवर लगदा झाला होता.

मग नायजेल आला. गिरिजाने त्याला सगळं सांगितलं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खूश झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तीही परस्पर झाकली गेलेली! काकांची प्रतिमा आता कशी स्वच्छ झाली, असं म्हणाला. सूचीवर ‘संपूर्ण संग्रह’ असं लिहा आणि खाली तुमचं नाव घाला, झालं. हे सगळं अगदी गोड आवाजात.

गिरिजाने सूचीचं पान पुढे ओढलं. तिचं नाव, तिचं काम समोर होतं. खरं लिहिलं तर नवऱ्याचा गाढवपणा जगजाहीर होणार होता. ती मनोहरकडे बघेना. शेवटी तोच बोलला.

“लिही,” तो म्हणाला. “मसुदे मनोहरने फेकले, असं नावानिशी लिही. लाज माझी आहे.”

तिने तसं लिहिलं. नायजेलने ते पान वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि कागद पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून नेले. मी जड, म्हणून मला इथेच टाकलं. वर्षभराने छापील सूची आली. पहिल्याच पानावर ‘संपूर्ण’. गिरिजाचं नाव कुठेही नाही. कुणा शहाण्याची प्रस्तावना होती. साहेब आयुष्यभर जे बोलले तेच त्यांच्या मनात होतं, असं त्या शहाण्याला आढळलं होतं.

याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. रद्दीवाल्याला मी दोष देत नाही. मनोहरलाही आता देत नाही, त्याने निदान मान खाली घातली. ज्याने ते पान खिशात घातलं, त्याला मात्र मी माफ करणार नाही.

माझ्यात आता काही नाही. चादरी ठेवू या, असं मनोहर एकदा म्हणाला होता; गिरिजा नको म्हणाली. पाहुणे चहा पिता पिता विचारतात, पेटीत काय आहे? तेव्हा गिरिजा आत कपबशा आवरत असते आणि उत्तर मनोहरला द्यावं लागतं.

“एका माणसाचं खरं होतं,” तो सांगतो. “मी फेकून दिलं.”

लोक हसतात, त्यांना गंमत वाटते. तुम्ही हसू नका. आणि कधी कुणाला माझ्याबद्दल सांगाल, तर मला रिकामी म्हणा. संपूर्ण म्हणू नका.