वैजनाथचा गुडघा

"वैजाला आता बसवा," वसराम म्हणाला आणि भज्याचा तुकडा तोंडात टाकला. "पोरगं काच हाय. हात लावला की तडा."

मागे भट्टीवर भजी सोडत असलेल्या मंजुळाबाईने ते ऐकलं आणि पिठाचा गोळा तेलात असा आपटला की मनगटावर थेंब उडाले. कलीमशेटच्या हॉटेलात भट्टी आणि बाकडी यांच्यात चार हातांचंही अंतर नव्हतं. त्यामुळे वारंगा फाट्यावरची ही रोजची सभा तिला ऐकावीच लागे. विषय एकच, तिच्या पोराचा गुडघा. एरवी कोणाला ताप आला तर फाट्यावर डॉक्टर शोधत फिरावं लागतं, पण वैजनाथच्या गुडघ्यासाठी मात्र खिचडीच्या प्रत्येक प्लेटमागे एक डॉक्टर बसलेला होता.

वैजनाथ कबड्डीचा रेडर. वय वीस. चढाईला गेला की समोरचे सात जण मागे सरकतात, अशी त्याची ख्याती. पण पहिल्या वर्षी घोटा गेला, दुसऱ्या वर्षी खांदा निखळला आणि यंदा कळमनुरीच्या सामन्यात डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने पाय धरला तेव्हा अंग फिरलं आणि पाय जागीच राहिला. नांदेडच्या डॉक्टरने मंजुळाबाईसमोर स्वच्छ सांगितलं होतं. लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करा, तोवर मैदानाकडे फिरकू नका. आणखी एकदा मुरगळला तर पोरगा जन्मभर पाय ओढत चालेल.

आणि येत्या रविवारी औंढ्याला स्पर्धा होती. पुण्याच्या एका क्लबची माणसं खेळाडू बघायला येणार होती.

"बसवा म्हने!" तातेराव उसळले. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले तातेराव उभा जन्म मैदानाच्या कडेला बसले होते आणि एकदाही आत उतरले नव्हते. "आरं, त्याच्यासारखी उडी हाय का कोनाची? शेवटच्या पाच मिन्टात उतरवायचा. बोनसचा गुन घ्यायचा, माघारी यायचं. गुडघ्याला काय होऊन राहिलं त्यात?"

"आन पकडला तर?" वसराम म्हणाला. "त्यापेक्षा सेनगावकडचं ते नवं पोरगं घ्या. धडधाकट हाय."

"इंजेक्शन असतंय ना," गल्ल्यावरून कलीमशेट म्हणाला. "मोठमोठे खेळाडू तेच करून राहिले. सुई मारली की चाळीस मिन्टं गुडघा हाय का न्हाई, कळत बी न्हाई. बराबर सामना संपेपर्यंत."

"मंग सामना संपल्यावर?"

"संपल्यावर बगू की!"

सगळे हसले. मंजुळाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिचा खरा राग होता तो वसरामवर. तातेराव म्हातारा, कलीमशेट मालक, त्यांचं एक वेळ सोडा. हा तिशीचा वसराम, खताच्या दुकानाचा मालक, गेल्या वर्षी चषक जिंकल्यावर वैजाला खांद्यावर घेऊन याच फाट्यावर नाचला होता. आणि आज त्याच तोंडाने लेकराला काच म्हणतो. सेनगावचं धडधाकट घ्या म्हणतो. जसं काही तिचं पोर म्हणजे फुटलेली बरणी.

तेवढ्यात वैजनाथ आला. रस्ता ओलांडून सरळ चालत आला, अजिबात न लंगडता. तसं चालायला त्याला किती ओठ चावावे लागतात ते फक्त तिला ठाऊक होतं.

"या, वाघ आला!" तातेरावांनी त्याला ओढून बसवलं आणि त्याचा पाय उचलून बाकड्यावर घेतला. पँट वर सारली. मग एकेकाने बैलबाजारात बैलाचा पाय चाचपावा तसा गुडघा चाचपायला सुरुवात केली. तातेरावांनी अंगठा रुतवला. कलीमशेट गल्ला सोडून आला, त्यानेही दाबून बघितलं. शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले, ज्यांचा कबड्डीशी काही संबंध नव्हता, तेही वाकून बघायला लागले.

"हितं दुखतंय का?"

"न्हाई काका."

"आन हितं?"

"न्हाई ना, काहीच न्हाई." पोराच्या कपाळावर घाम आला होता.

"मंग रविवारी?"

"उतरतो की," वैजनाथ म्हणाला. "सुई मारा म्हना, उतरतो."

मंजुळाबाई झारा हातात घेऊनच बाहेर आली. गिऱ्हाइकांच्या बाकड्यांपर्यंत ती कधी येत नसे.

"काढा हात," ती म्हणाली.

"मंजुळाबाई, आमी त्याच्या भल्याचंच..."

"काढा म्हनते ना हात! लई भलं करून राहिले. आपलं पोरगं, आपलं पोरगं म्हनता. घोटा गेला तवा चार दिस आले, फोटू काढले, गेले. खांदा गेला तवा दोन दिस आले. आन गुडघा गेला तवा?" तिचा आवाज चढला. "तवा ह्याला खाली बसता येत नव्हतं. बाप ट्रकवर, तिकडं हैदराबादला. महिनाभर मी ह्याला बगलेत धरून संडासात बसवलंय, धुतलंय. ह्या वाढलेल्या लेकराला! त्यो तोंड झाकून रडायचा. तवा कोन आलतं तुमच्यातलं? सांगा की, कोन आलतं?"

मागे ट्रकवाल्यांच्या टेबलावर एक जण फिसकन हसला.

वैजनाथने दोन्ही हातांनी आपला पाय बाकड्यावरून खाली घेतला. पँट सारखी केली. आईकडे एकदा बघितलं आणि चालू लागला. या वेळी त्याने लंगडणं लपवलं नाही.

"काहून असं चारचौघात बोलावं मंजुळाबाई?" कलीमशेट हळू आवाजात म्हणाला. "जवान पोरगं हाय."

"चारचौघात गुडघा दाबत व्हते, तवा न्हाई आठवलं जवान हाय ते?"

ती भट्टीकडे गेली. भजी करपून काळी झाली होती. तिने ती तशीच प्लेटमध्ये भरली आणि तातेरावांसमोर आदळली. तातेरावांनी ती मुकाट्याने खाल्ली.

रविवारी टेम्पो गुलाल उधळत औंढ्याला गेला तो वैजनाथशिवाय. ज्याला चाळीस मिनिटांची सुई द्यायला निघाले होते, त्याच्या घराकडे कोणी फिरकलंही नाही. मंजुळाबाईला हवं होतं ते झालं होतं. पाय वाचला होता. पण पोराने बोलणं टाकलं होतं. ताट वाढलं की जेवायचा, हाक मारली की हुं करायचा, बाकी वेळ भिंतीकडे तोंड करून पडायचा. अरे, पाय वाचवला ना तुझा, असं त्याला गदागदा हलवून सांगावं असं तिला वाटे. मग वाटे, दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं. पण दुसरं काय? डॉक्टरचं सांगितलं असतं तर त्या लोकांनी डॉक्टरलाच वेड्यात काढलं असतं. ती स्वतःवरही चिडायची आणि त्याच्यावरही, आणि तो सगळा राग भांड्यांवर निघायचा.

हॉटेलात सोमवारपासून पुन्हा सभा भरली. सेनगावचं पोरगं उपांत्य सामन्यात खांद्यावर पडलं होतं.

"खांदा काय, सुई मारली की झालं," तातेराव म्हणत होते. मंजुळाबाईला ओरडावंसं वाटलं, पण या पोराची आई तिथे नव्हती, आणि तिचं स्वतःचं आता कोणी ऐकणार नव्हतं. वसराम त्या दिवसांत बाकड्यावर दिसत नव्हता. तोंड दाखवायला लाजत असेल, तिने मनाशी म्हटलं. लाजू दे.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं. नवरा पुन्हा ट्रकवर होता. तिने पिशवी भरायला घेतली तेव्हा वैजनाथ म्हणाला, "तू येऊ नको." इतक्या दिवसांत तो आपणहून बोलला तो एवढंच.

तो नांदेडला गेला आणि ती दोन दिवस घरीच थांबली. मग भाकरी, ठेचा बांधून नांदेडच्या एसटीत बसली.

वॉर्डात वैजनाथच्या खाटेशेजारी, जमिनीवर चादर टाकून वसराम बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"तू?" मंजुळाबाई म्हणाली. "तुला कोनी बोलावलं?"

"मी बोलावलं," खिडकीकडे बघत वैजनाथ म्हणाला. "पयल्यापासून त्यो एकटाच म्हनत व्हता बसवा म्हनून. बाकीच्यांनी मला सुई मारली असती."

"दुकान भावाकडं दिलंय मावशी," वसराम म्हणाला. "तुमी काळजी नका करू."

भाकरीचं फडकं सोडून ती बसली, दोघांना वाढलं. खाऊन झाल्यावर वैजनाथ चुळबुळायला लागला आणि ती सवयीने उठली, त्याच्या बगलेत हात घालायला वाकली.

"तू बस, आई," तो म्हणाला. रागाने नाही, साधंच म्हणाला. "वसरामदादा हाय."

वसरामने त्याला उचलून धरलं. दोघे वॉर्डाच्या टोकाच्या संडासाकडे गेले. मंजुळाबाई बसून राहिली, मग तिला राहवेना म्हणून मागोमाग गेली. दाराला आतून कडी नव्हती. नुसतं लोटलेलं दार वाऱ्याने किलकिलं होत होतं. आतून वसरामचा आवाज येत होता. "सोड, समदं वजन माझ्यावर सोड. घाई काहून करतो?"

ती दाराकडे पाठ करून उभी राहिली.

हातात बादली घेतलेला एक माणूस आला. "मावशी, किती येळ?"

"जितका लागंल तितका."

"कोन हाय आत? काय झालंय त्याला?"

"तुला काय करायचंय?" मंजुळाबाई म्हणाली आणि पाठीमागे हात नेऊन तिने दार घट्ट ओढून धरलं.