लडकूजवळची सावड

मित्रांनो, मी खर्डीकडच्या एका पाड्यावरची जुनी बाज आहे. माझे पाय शिवणीच्या लाकडाचे, वीण अंबाडीच्या दोराची. सावळारामबाबांनी मला पडवीत बसून विणले. माझ्यावर नागलीची कणसे वाळली, पाहुणे टेकले, आणि उड्या मारणाऱ्या पोरांनी मारही खाल्ला.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मुलाला, लडकूला, लकवा मारला. तेव्हापासून तो माझ्यावर आणि त्याची बायको सकुबाई माझ्या कडेला. ती त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवी, अंग पुसी, पेज भरवी. येणारा लडकूची चौकशी करी आणि निघून जाई. वळवताना ती माझ्या लाकडाला धरून कण्हायची, ते फक्त मला ठाऊक.

यंदा लावणीच्या तोंडावर माझा दोर सैल पडला. सगळा भार लडकूच्या कमरेवर येऊन तिथली कातडी लाल झाली. पाड्यावर येणाऱ्या नर्सबाईंनी बजावले, "जखम खोल गेली तर जिवावर बेतेल. बाज ताणून घ्या."

पण त्यासाठी त्याला खाली घ्यायला माणसे हवीत, आणि सकुबाई कोणाला बोलवेना. आमच्याकडे सावड असते. आज तुम्ही माझ्या शेतात राबा, उद्या मी तुमच्या. ती तर दोन वर्षे कोणाच्या बांधावर गेली नव्हती.

एका सकाळी त्याला वळवताना तिची कंबर धरली. ती खालीच बसली. शेजारची बाईजा धावत आली.

"हाक नाय मारता येत गो तुला?"

"मी सावडीला येत नाय. कंच्या तोंडानं मारू?"

"आनि ह्ये काय करतेस? ह्यो म्हंजे भाताची गोनी! ती उचलतेस, त्ये काम नाय?"

माझ्यावरून लडकू अडखळत म्हणाला, "गोनी... तू!"

कण्हता कण्हता सकुबाईला हसू फुटले.

बाईजाने पाडाभर सांगितले, लडकूजवळ बसणे हीसुद्धा सावडच. दुसऱ्या दिवशी चौघींनी त्याला घोंगडीवर घेतले आणि माझा दोर कचकचून ओढला. नर्सबाईंनी त्यांना वळवायची रीत शिकवली. मग पाळीपाळीने एकेक जण येऊ लागली. सकुबाई स्वतःची कंबर दाखवायला दवाखान्यात गेली. पंधरा दिवसांत लडकूची लाली उतरली. मग सकुबाई बाईजाच्या शेतात भाताची रोपे उपटायला बसली. घरी परतली तेव्हा पोटऱ्यांना चिखल होता आणि दारातूनच तिच्या गप्पा सुरू झाल्या होत्या.

मित्रांनो, आजारी माणसाच्या घरी गेलात, तर त्याची सेवा करणाऱ्याला म्हणा, "तू जरा जाऊन ये, मी हाय." आणि खरेच बसा. माझ्या पायथ्याशी एका माणसाची जागा आहे.