शिट्टीची सुट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. दचकू नका मित्रांनो, आत्ता काही वाजत नाही. माझ्या पोटात बुचाची एक छोटी गोळी आहे. कुणी जोरात फुंकले की ती गरगर फिरते आणि माझा आवाज थरथरत लांबवर जातो. दिसायला मी तुमच्या अंगठ्याएवढी, पण भल्याभल्यांना मी जागच्या जागी उभे केले आहे. आता रंग काळपट झाला आणि तोंडाशी दातांच्या खुणा उमटल्या, तरी बोलायची हौस काही गेलेली नाही.

एका छोट्या कारखान्यात पितळेचा पत्रा कापून आणि वाकवून मला तयार केले. पॉलिश करणारी बाई प्रत्येक शिट्टी एकदा वाजवून बघायची आणि मगच खोक्यात टाकायची. तिच्या कानांचे काय होत असेल, देव जाणे! मी वाजले तेव्हा मात्र तिने मान वर केली आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघ, खणखणीत आहे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पुढे खेळाच्या सामानाच्या दुकानातून एका पी.टी.च्या बाईंनी मला विकत घेतले. त्या नुकत्याच शाळेत लागल्या होत्या. आवाज बारीक, उंची बेताची, त्यामुळे मुले त्यांना जुमानत नव्हती. मी त्यांच्या गळ्यात आले आणि चित्रच पालटले. माझी एक लांब आरोळी गेली की अख्खे मैदान उंचीप्रमाणे रांगेत उभे राहायचे. मुख्याध्यापक एकदा बाईंना म्हणाले, "अहो, तुमची शिट्टी ऐकून मीच खुर्चीतून उठलो!" त्या दिवशी बाई घरी जाईपर्यंत हसत होत्या आणि मी त्यांच्या गळ्यात ऐटीत झुलत होते.

बाईंनी लग्न केले नाही. त्यांचे घर म्हणजे एक खोली आणि कपाटावर रचून ठेवलेले चेंडू. पण त्यांना एक थोरला भाऊ आणि एक धाकटी बहीण होती. दर वर्षी मोठ्या सुट्टीत तिन्ही घरची माणसे मिळून तळ्याकाठी एक घर भाड्याने घेऊन राहायची. भावाची मुले बाईंना आत्या म्हणत, बहिणीची मुलगी मावशी म्हणे. सगळी एका घरात आली की या छोट्या मुलीचा गोंधळ उडायचा. शेवटी तिने दोन्ही नावे जोडून टाकली आणि बाईंची झाली आत्यामावशी. मग मोठी माणसेही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागली. मला ते नाव फार आवडते, म्हणून मीही तेच वापरते.

मुले तीन. सगळ्यांत मोठी भावाची मुलगी, तिला बाकीची दोघे ताई म्हणत. तिच्या पाठचा भाऊ एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तो भिंगरी. आणि बहिणीची मुलगी पिल्लू, जिला वय विचारले की ती अख्खा पंजा दाखवायची.

सुट्टीत मी असायचेच. सगळ्यांनी सगळे मिळून करायचे, असा आत्यामावशीचा खाक्या होता. मी वाजले की सगळे पाण्यात, मी वाजले की सगळे डोंगरावर. तिच्या मनात सगळ्यांबद्दल माया होती, पण ती माया वेळापत्रकातून बाहेर यायची. गेल्या वर्षी पिल्लूला दुपारच्या झोपेतून उठवून होडीत बसवले, तर तिने तळे पार होईपर्यंत भोकाड पसरले. भिंगरी बूट घालून दारात उभा आणि बाकीचे अजून टोप्या शोधतायत, असे रोज व्हायचे. ताईला लपाछपीत ओढले, तर ती पुस्तक घेऊन अशी लपली की पुस्तक संपेपर्यंत कुणाला सापडली नाही. घरी परतल्यावर वहिनी, म्हणजे भावाची बायको, म्हणाली, "सुट्टी झाली, आता जरा विश्रांती घ्यायला हवी." सगळे हसले. आत्यामावशीही हसली, पण तिला काही ते कळले नाही.

या वर्षी सुट्टी ठरवायला सगळे भावाच्या घरी जमले. जेवणाच्या टेबलावर आत्यामावशीने मोठा कागद उलगडला. त्यावर रंगीत पेनांनी सगळे दिवस आखलेले होते. भाऊ मान डोलावत होता, बहीण पिल्लूचे नाक पुसत होती. तेवढ्यात ताई म्हणाली, "मी या वेळी येत नाही."

"का गं?" आत्यामावशीने विचारले.

"शाळेतून सुटायचं आणि परत शाळेतच यायचं. मला नाही जमत."

"नीट बोल," भावाने डोळे वटारले.

"नीटच बोलतेय, बाबा. तुम्ही जा ना. मी घरी राहते."

आत्यामावशीचा चेहरा उतरला. तिची बोटे माझ्यावरून फिरत राहिली. मित्रांनो, तुमच्यासाठी सुट्टी वर्षातून कितीदा तरी येते. तिला मात्र घर भरलेले बघायला तेवढेच दिवस मिळायचे. मला फडक्याने पुसताना ती कधीकधी स्वतःशीच म्हणे, "मोठी गळाली की मागोमाग सगळी गळतील." आज मोठी गळत होती.

चहा टाकते असे सांगून तिने मला गळ्यातून काढले, टेबलावर ठेवले आणि ती स्वयंपाकघरात गेली. वहिनीही तिच्या पाठोपाठ गेली. ही संधी पिल्लूने सोडली नाही. तिने मला उचलले, गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकले.

आणि मग काय सांगू! भाऊ ताडकन उठला. बहीण उठली. भिंगरी तर टेबलाखालूनच भिंतीपर्यंत पोहोचला. ताईसुद्धा, येत नाही म्हणणारी ताई, उठून रांगेत आली. वहिनी ओले हात पुसत धावत बाहेर आली आणि तिच्यामागून हातात चहाचे गाळणे घेतलेली आत्यामावशी. शिट्टी आज दुसऱ्याच्या तोंडात होती, त्यामुळे तीही मुकाट्याने रांगेत शिरली. भरल्या घरात, भर दिवसा, सगळे कुटुंब भिंतीला लागून उंचीप्रमाणे उभे!

पिल्लू पाठीमागे हात बांधून तपासणी करत चालली. ताईपाशी येऊन थांबली. ताई सवयीने भिंगरीच्या शेजारी उभी होती आणि तिच्या पलीकडे आत्यामावशी.

"चुकलं!" पिल्लू ओरडली. "ताई मोठी आहे. तू इकडे ये, आत्यामावशी."

दोघींनी जागा बदलल्या. आत्यामावशीने शेजारी पाहिले, तर तिला मान वर करावी लागली.

"अगं," ती म्हणाली, "तू एवढी कधी झालीस?"

"गेल्या वर्षीच झाले," ताई हळूच म्हणाली. "तू बघितलंच नाहीस. तू आम्हाला नुसती मोजत होतीस."

आत्यामावशी पुन्हा खुर्चीत बसली. तिने तो रंगीत कागद उलटा केला आणि त्याच्यावर गाळणे ठेवून दिले.

"बरं," ती म्हणाली. "काय करायचं ते राहू दे. सुट्टीत कुणाला काय नको, तेवढं सांगा."

"मला झोपेतून उठवायचं नाही," पिल्लू म्हणाली.

"मला 'थांब रे' म्हणायचं नाही," भिंगरी म्हणाला.

ताईने जरा विचार केला. "खेळायच्या वेळी मी लहान आणि पोरं सांभाळायच्या वेळी मी मोठी, हे नको. एक काहीतरी ठरवा."

"आणि मला कुणी 'आज जेवायला काय' असं विचारायचं नाही," वहिनी म्हणाली. त्यावर भाऊ खाली बघू लागला, कारण विचारणारा तोच असायचा.

"आणि तुला काय नको, आत्या?" ताईने विचारले.

आत्यामावशीने एकेकाकडे पाहिले. मग ती म्हणाली, "मला तुमच्याशिवायची सुट्टी नको. बाकी काहीही चालेल."

ताई तिच्याकडे बघत राहिली. "येते मी," ती म्हणाली. "पण उशिरापर्यंत झोपणार हं."

मग खरा बेत ठरला. पिल्लूला गाडी लागते म्हणून या वेळी जवळचे तळे. घर असे की ज्यात ताईला दार लावून बसता येईल आणि अंगणाला कुंपण असेल, म्हणजे पिल्लूमागे कुणाला धावायला नको. सकाळ ज्याची त्याची. दुपारनंतर कुठे जायचेच असेल तर ज्याला हवे त्याने जावे, राहिलेल्याला टोमणे मारू नयेत. स्वयंपाक पाळीपाळीने. संध्याकाळचे जेवण तेवढे सगळ्यांचे एकत्र, आणि त्यासाठी मी दिवसातून एकदाच वाजायचे.

खरे सांगते, मला ते मुळीच आवडले नाही. तळ्यावर पोहोचल्यावर मला दाराशेजारच्या खिळ्यावर टांगले आणि मी फुगून बसले. पण तिथून सगळे दिसत होते. पिल्लू अंथरुणात ऊन येईपर्यंत झोपे. भिंगरी बाबांना घेऊन पाण्यावर पळालेला असे. आत्यामावशीचे मात्र अवघड होते. तिचा हात सारखा गळ्याकडे जायचा. खुर्चीत बसायची, उठायची, पुन्हा बसायची. एका दुपारी तिला झाडाखाली चक्क डुलकी लागली. जागी झाली तेव्हा ताई शेजारी येऊन बसली होती, कुणी न बोलावता. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय ते मला ऐकू आले नाही, पण आत्यामावशी ऐकत होती आणि मध्येच उठून गेली नाही.

शेवटच्या संध्याकाळी ती एकटीच तळ्याच्या पायऱ्यांवर बसली होती. जेवण तयार झाले, ताटे मांडली, तरी तिचे लक्ष नव्हते. मी खिळ्यावर तळमळत होते. मला कोण वाजवणार? पिल्लू स्टूल ओढत माझ्यापाशी आली.

"राहू दे," ताई म्हणाली. "शिट्टी नको."

ती दारापुढच्या ओट्यावर गेली आणि तिने मोठ्याने हाक मारली, "आत्यामावशी! ये ना गं! आम्ही तुझ्यासाठी थांबलोय!"

आत्यामावशीने वळून पाहिले. इतकी वर्षे ती सगळ्यांना बोलवत आली होती. तिला कुणी कधी बोलावलेच नव्हते, कारण ती नेहमी सगळ्यांच्या आधी हजर असायची. ती उठली, डोळ्यांना पदर लावला आणि चप्पल तिथेच विसरून घराकडे निघाली. मी नुसतीच टांगलेली होते. वाईट वाटले का? थोडे वाटले. पण तिचा चेहरा पाहिला आणि मला वाजण्याची आठवणही राहिली नाही.

मित्रांनो, शिट्टी वापरून झाली की कोरड्या फडक्याने पुसून ठेवत जा, नाहीतर पोटातली गोळी ओल धरते आणि अडकते. आणि तुमच्या घरातही सगळ्यांना गोळा करणारे एक माणूस असेलच. घर शोधणारे, पिशव्या भरणारे, दारात उभे राहून "आले का सगळे?" म्हणणारे. त्या माणसाला एकदा तुम्ही हाक मारा. आम्ही तुझ्यासाठी थांबलोय म्हणा. त्यासाठी शिट्टी लागत नाही.