तिसरा खिळा

घोडा लंगडला की आधी नालबंदाकडे बोट दाखवायचं, ही लोकांची जुनी खोड. माझं डोकं तिथेच फिरतं. तीस वर्षं नाल ठोकतोय, माझ्या खिळ्याने एकही घोडा लंगडला नाही, हे मी ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत आलोय. त्यामुळे घोडेस्वारीच्या शाळेतली म्हातारी घोडी नाल बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढचा उजवा पाय टेकेना, तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं की सांधा धरलाय, वय झालंय तिचं.

शाळेच्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला, हीच पंचाईत झाली. सांधे गेले म्हणजे मुलांना पाठीवर घेणं संपलं. तिला लांबच्या कुरणावर कायमचं धाडायचं ठरलं, ट्रक उद्या सकाळी येणार होता. गावातली निम्मी पोरं तिच्याच पाठीवर शिकलेली. मला वाईट वाटत होतं, पण तोंडातून गेलेला शब्द गिळायचा कसा?

प्रवास झेपेल ना, एवढंच बघायला बाईंनी जनावरांची डॉक्टर बोलावली. डॉक्टर म्हणजे माझीच सून, लग्नाला जेमतेम चार महिने झालेत तिच्या. घरात माझ्यापुढे आवाज चढवत नाही, तबेल्यात मात्र मला बाजूला व्हायला सांगितलं. घोडी चार पावलं चालवून पाहिली, गुडघा वाकवून पाहिला, मग पिशवीतून मोठा चिमटा काढला आणि खूर दाबत एकेका खिळ्यापाशी जाऊ लागली. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला घोडीने पाय असा हिसकला की सूनबाई मागे गवताच्या भाऱ्यावर जाऊन बसल्या.

तिने कपडे झटकले. बाईंना म्हणाली की कडक जमिनीने खूर दुखावला असावा, नाल काढून ठेवू. माझ्याकडे बघितलं नाही. सासऱ्याची लाज राखत होती पोरगी! एरवी मी मिशीत हसलो असतो. पण बाईंनी उसासा टाकला. सांधे गेले, आता खूरही गेले म्हणायचे, मग ट्रक येऊ दे, असं त्या म्हणाल्या आणि घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ट्रक नको बाई," मी म्हणालो. "सांधे ठणठणीत आहेत. माझा खिळा आत मांसात गेलाय. पहिल्याच दिवशी शंका आली होती मला."

मी पक्कड घेऊन तो खिळा उपसला, टोकाला काळसर ओल होती. सूनबाईने खूर धुतला, पट्टी बांधली आणि आठवड्याभरात पाय टेकेल म्हणाली. बाईंनी तिथूनच ट्रकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"बाकीच्या तीन पायांचे नाल कुणी ठोकलेत?"

"मीच," म्हटलं.

खाली पडलेला चिमटा उचलून मी सुनेच्या हातात दिला. तिला संकोच वाटला, ती घेईना. मग मीच वाकून घोडीचा दुसरा पाय तिच्यापुढे उचलून धरला.

"नीट दाब," म्हटलं. "सासरा आहे म्हणून हलक्या हाताने नको."